पुसणीची जागा

पाणी भरून ठेवलेला हंडा वीस मिनिटं हलवला नाही, तर त्याच्या तळाशी नखाच्या जाडीचा थर बसायचा. वारा खाणीकडून असला तर किंचित जास्त. थर पांढुरका, चिमटीत पिठासारखा मऊ आणि जिभेवर मात्र दगडच. घरातल्या चौघांना सवय झाली होती. आधी हंडा स्थिर ठेवायचा, मग वरचं पाणी हलक्या हातानं काढून घ्यायचं आणि तळातलं चार बोटं पाणी अंगणात फेकायचं. त्या दिवशी सकाळी सून घाईत होती. तिनं हंडा उचलून चुलीजवळ आणला आणि बसलेलं सगळं पुन्हा वर आलं.

"झालं," सासू म्हणाली. "आता पुन्हा वीस मिनिटं."

"मला आठला दवाखान्यात पोचायचंय, आई."

"मग तसंच पी. पोटात पायरी बसवून घे."

भिंतीपलीकडून हसण्याचा आवाज आला. पलीकडच्या खोलीत सासूची धाकटी जाऊ एकटी राहायची. दीर जाऊन नऊ वर्षं झाली होती. मधली भिंत एका विटेची, त्यामुळे दोन्ही घरांचं बोलणं एकच होतं.

"ताई," जाऊ पलीकडून म्हणाली, "हल्ली तुमच्या गाण्याला दम लागत नाही हो. आम्हालाच लागतो."

"म्हणजे गं?"

"म्हणजे काही नाही. वय उतरलंय तुमचं, असं म्हणते." तिनं दार ओढलं, कडी लावली आणि ती खाणीवर निघून गेली.

सासूला सगळी वस्ती गाणारी म्हणायची. तिच्या आईलाही गाणारीच म्हणायचे, पण आईचं ते काम होतं. पुलाचे आणि पायऱ्यांचे मोठे दगड काढायचे तर सुरुंग चालत नाही, दगडाला आतून तडे जातात. तिथं बायकांच्या जोड्या बसतात. एकजण छिन्नी धरते, दुसरी घण मारते. एका रेषेत वीतवीत अंतरावर भोकं पाडायची, भोकांत पाचरी ठोकायच्या, की दगड त्या रेषेवर उकलतो. एका कातळावर सोळा जोड्या बसल्या आणि प्रत्येकीचा घण आपल्या मनानं पडायला लागला, तर कातळ असा थरथरतो की छिन्नी हातात राहत नाही. म्हणून एक बाई उंचावर बसून गायची. ओळ संपली की एक रिकामी जागा. त्या जागेत सोळा घण एकदम पडायचे. पुढची ओळ चालू असताना धरणारी छिन्नीला पाव वळसा द्यायची. अशा आठ ओळी झाल्या की एक मोठी जागा यायची, दोन घावांएवढी. तिच्यात घाव पडायचा नाही. तेवढ्या वेळात धरणारीनं छिन्नी उपसायची, भोकात बोटं घालायची आणि आतला भुगा काढून घ्यायचा. त्या जागेला पुसणी म्हणत. खाणीत नव्या आलेल्या पोरीला घण उचलायला शिकवण्याआधी पुसणी शिकवली जायची.

गाणारी आईच्या जागी बसली तेव्हा सतरा वर्षांची होती. चोविसाव्या वर्षी संप झाला. एक्केचाळीस दिवस खाण बंद होती, आणि ती रोज रस्त्यावर, ट्रकच्या उघड्या फळीवर उभी राहून तेच गाणं म्हणायची. लोक रिकाम्या जागेत घणाऐवजी पाय आपटायचे. ट्रक भरणारा एक हडकुळा तरुण तिच्यानंतर भाषण करायचा. संप जिंकल्यावर तो तरुण निवडणुकीला उभा राहिला आणि गाणारी त्याच्यासाठी गायली. मग दुसऱ्या निवडणुकीलाही. रेडिओवर गायली, शहरात गायली, चौकटीतलं एक प्रमाणपत्र मिळालं. खाण सुटली. नवरा तिच्यामागे ढोल वाजवायचा, त्याचीही सुटली. हडकुळ्या तरुणाला आता सगळे अध्यक्ष म्हणायचे, आणि सात वर्षांपूर्वी ती खाणही त्यांनीच घेतली होती. मुलाला खाणीच्या कचेरीत लावलं ते त्यांनीच. सुनेला दवाखान्यात तात्पुरतं घेतलं तेही त्यांच्याच शब्दावर.

यातली कुठलीही एक गोष्ट तिनं मागितली नव्हती. नकोही म्हटलं नव्हतं.

दुपारी ती खाणीवर गेली. उन्हाळा उतरणीला लागला होता आणि पावसाआधी पुलाचे दगड रवाना करायचे होते. खाणीच्या तोंडाशी एका खांबावर कर्णा बांधला होता, आणि कर्ण्यातून तिचाच आवाज येत होता.

पंधरा दिवसांपूर्वी अध्यक्षांनी स्वतः सांगितलं होतं, "बाई, तुमचा आवाज पुन्हा खाणीत घुमणार. बायकांनाही बरं वाटेल." तिला आनंद झाला होता. घरी येऊन तिनं तो नवऱ्याला दोनदा सांगितला होता. तो म्हणाला होता, "एकदा सांगितलंस, कळलं."

गाणं मागच्या निवडणुकीसाठी शहरात ध्वनिमुद्रित केलेलं होतं. त्या खोलीच्या भिंतींना स्पंज चिकटवलेला होता, म्हणून आपला आवाज तोंडातून निघाल्याबरोबर मरतोय असं तिला वाटत होतं. यंत्रापुढचा माणूस वयानं लहान, पण अदबीचा होता. ओळींमधल्या रिकाम्या जागा त्याला सलत होत्या. "इथं आपण अध्यक्षांचं नाव टाकू या," तो म्हणाला. नाव तीन अक्षरी होतं, चपखल बसलं. मग तो पुसणीपाशी आला. "आणि हे काय आहे? इतका वेळ शांत?"

"इथं थांबायचं असतं," ती म्हणाली होती.

"कुणी?"

"बायकांनी," ती म्हणाली.

"ऐकणाऱ्याला वाटेल बिघडलंय. काढू या ना?" त्यानं विचारलं होतं हे खरं. तेवढ्यात चहा आला आणि ती कप हातात घेऊन म्हणाली, "तुम्हाला कळतं त्यातलं." त्यानं पडद्यावर एक बारीक पट्टी निवडली आणि पुसणी नाहीशी केली. त्याला तीन सेकंदही लागले नाहीत.

आता खाणीच्या काठावर उभं राहून ती ऐकत होती. तिनं मनात ओळ म्हणून पाहिली आणि मनातली ओळ मागे पडली. पुन्हा म्हटली, पुन्हा मागे पडली. कर्ण्यातली बाई तिच्यापेक्षा घाईत होती. खाली अकरा जोड्या होत्या. अध्यक्षांचं नाव यायचं आणि नावावर घण पडायचे. आठ ओळी झाल्या की धरणाऱ्या ओरडायच्या, "थांब गं!" आणि आपापल्या मारणारीला एक घाव चुकवायला लावून भुगा काढायच्या. सगळ्या एकाच वेळी ओरडत नव्हत्या. कातळ थरथरत होता, ते इथवर पायाला कळत होतं.

मुकादमानं तिला पाहिलं आणि खुर्ची मागवली. "बसा, बसा. तुमचंच राज्य आहे." खुर्ची सावलीत ठेवली गेली. तिथून खाली बघता येत होतं. बायकांनी तिला पाहिलं होतं, पण कुणी मान वर केली नाही. त्यांच्यातल्या सहाजणींना तिनं स्वतः पुसणी शिकवली होती. जाऊ मात्र वर बघून ओरडली, "खाली या की ताई! तिथून काय आशीर्वाद देता?"

कचेरीच्या पत्र्याच्या खोलीत मुलगा यंत्राजवळ बसला होता. यंत्राला मोबाइल जोडलेला होता.

"हे जलद का चालतंय?"

"जलद नाही, आई. एक पॉइंट एक." त्यानं पडदा दाखवला. "मुकादमानं सांगितलं. दगड वेळेत जायला हवेत. कानाला कळतसुद्धा नाही."

"माझ्या कानाला कळलं."

"तू सोडून."

"कमी कर."

त्यानं बोटानं पट्टी मागे सरकवली. बाहेर आवाज उतरला, तिचा स्वतःचा झाला. खाली दोन-तीन मारणाऱ्यांनी चमकून मान वर केली, मग पुन्हा खाली घातली. गाणारी मुकादमाजवळून गेली. त्याला सांगायचं ते वाक्य तिच्या तोंडात तयार होतं. मुकादम उठून उभा राहिला आणि म्हणाला, "सुनेचं कायमचं काम होतंय म्हणे! पेढे कधी?" ती म्हणाली, "होऊ दे आधी." वाक्य तसंच राहिलं. ती रस्त्याला लागली. वळणावर पोचेपर्यंत कर्ण्यातली बाई पुन्हा पुढे पळाली होती. तिला ते ऐकू आलं. ती परत फिरली नाही.

दोन दिवसांनी, दुपारी साडेतीनच्या सुमाराला, जाऊच्या उजव्या हाताच्या दोन बोटांवर घण पडला.

मारणारी तिची तीन वर्षांपासूनची जोडीदारीण होती. बावीस वर्षांची, कधी न चुकणारी. ती दवाखान्याच्या पायरीवर बसून येईल त्याला सांगत होती, "नाव आलं, मी मारलं. नावावरच मारायचं असतं. त्या ओरडल्याच नाहीत. मी नावावर मारलं." सांगताना तिचे हात मांडीवर उताणे पडले होते आणि बोटं आपोआप मिटत होती, उघडत होती.

जाऊ ओरडली नव्हती. सकाळपासून शेकडो वेळा तिनं ओरडून भुगा काढला होता. या वेळी आठ ओळी संपल्या आणि तिचा हात जुन्या गाण्यासारखा आपोआप छिन्नी उपसून भोकाकडे गेला. पोरवयापासून तो तसाच जात होता. मधलं आणि करंगळीशेजारचं बोट पहिल्या पेरापर्यंत गेलं. ते सुनेनंच बांधलं. घरी येऊन तिनं साबणानं हात तीनदा धुतले आणि सासूला एवढंच सांगितलं, "हाडाचा चुरा होता. शिवण्यासारखं काही नव्हतं."

मुलगा संध्याकाळी घरी आला तो भिंतीला टेकून बसला. नवऱ्यानं विचारलं, "किती ठेवलं होतंस?"

मुलगा चपलेचा पट्टा ओढत राहिला.

"अरे, किती?"

"एक पॉइंट दोन," मुलगा म्हणाला. "मुकादम शेजारी उभा होता. म्हणाला, सरकव. मी सरकवलं."

पलीकडे जाऊच्या खोलीत कुणीतरी भांडं ठेवलं, त्याचा आवाज झाला. चौघांनीही भिंतीकडे पाहिलं. भिंत एका विटेची होती.

दुसऱ्या दिवशी गाणारी पलीकडे गेली. जाऊ खाटेवर पाय सोडून बसली होती आणि डाव्या हातानं भात खायचा प्रयत्न करत होती.

"या. बघा, पुन्हा बाळ झाले. निम्मं तोंडात, निम्मं पदरात."

"मी भरवते."

"नको. सवय करायला हवी." तिनं घास उचलला, सांडला, पुन्हा उचलला. "ताई, एक विचारू?"

"विचार."

"तुम्हाला गाण्यातलं कळतं म्हणून विचारते. मी पडल्या पडल्या सारखी म्हणून बघते. आठ ओळी, मग पुसणी. बरोबर ना? मग मी हात घातला तेव्हा पुसणी होती का नव्हती? नव्हतीच, हे मला माहीत आहे. पंधरा दिवस नव्हती. पण हात गेला तेव्हा मला ती ऐकू आली, शपथ. असं कसं होईल? डोकं फिरलं असेल माझं उन्हानं. माझंच चुकलं. त्या पोरीला उगाच घोर लागलाय, तिला सांगा कुणीतरी."

गाणारीनं खाटेवरचा भाताचा एकेक दाणा वेचला. वेचून झाल्यावर ते दाणे कुठे टाकावेत ते तिला कळेना. ती मूठ मिटूनच घरी आली.

ती दुपार तिनं अंगणात काढली. धुणं धुतलं, पिळलं, वाळत घातलं, आणि हातांना काम असतानाही डोकं थांबेना. संपात लोक म्हणायचे, हिच्या आवाजात ताकद आहे. मग अध्यक्ष म्हणायचे. मग शहरातले लोक लिहायला लागले. तिनंही ते मानलं. पण आवाज तिच्या आईचाही बरा होता, आणि आईच्या आधीच्या बाईचा तर घोगरा होता असं आई सांगायची. खाणीतल्या बायकांनी कधी कुणाचा आवाज मोजला नव्हता. त्या जागा मोजायच्या. आईच्या आयुष्यात कुणाचं बोट गेलं नाही, आणि आईला कुणी प्रमाणपत्र दिलं नाही. गाणारीनं ट्रकच्या फळीवरून, मग मंचावरून, मग स्पंजच्या खोलीतून ओळीच तेवढ्या नेल्या होत्या. प्रत्येक वेळी थोडं मागे राहिलं होतं आणि प्रत्येक वेळी कुणीतरी टाळ्या वाजवल्या होत्या. यात कुणी तिला फसवलं असतं तर बरं झालं असतं. त्या माणसानं तर विचारलं होतं, काढू या ना?

तिसऱ्या दिवशी सकाळी अध्यक्ष घरी आले. गाडी कोपऱ्यावर थांबवून चालत आले. नवऱ्यानं घाईनं खाटेवरची चादर झटकली. त्याची बोटं आता वाकत नव्हती, त्यामुळे चादर झटकायला तो मनगटं वापरायचा.

"बसतो की, बसतो. माझंच घर आहे," अध्यक्ष म्हणाले. आधी भिंतीपलीकडे जाऊन ते जाऊला भेटून आले होते, ते सगळ्यांनी ऐकलं होतं. बोलले चांगलं होते. आवाज जड झाला होता त्यांचा, आणि तो खरा होता.

त्यांनी खिशातून एक टंकलिखित कागद काढून मांडीवर सरळ केला.

"उद्या कामगार खात्याचा अधिकारी येणार, बाई. त्याला फार काही नको असतं. गाणं नेहमीचंच होतं का, आणि काम नेहमीसारखं चाललं होतं का. गाण्याचं तुमच्याहून जास्त कुणाला कळतं? म्हणून तुमचं निवेदन. पाच ओळी आहेत."

"गाणं नेहमीचं नव्हतं," गाणारी म्हणाली.

"शब्द थोडे बदलले. ते तर संपातही बदलले होते आपण. तुम्ही मुकादमावर एक कडवं घातलं होतं, आठवतं?"

"सावलीचं."

"'मुकादमाची सावली लांब, माझी सावली पायाखाली.' दोन हजार लोक हसले होते." ते स्वतःही हसले, आणि क्षणभर तो हडकुळा तरुण त्यांच्या चेहऱ्यावर येऊन गेला. "तेव्हा मी ट्रकच्या खाली उभा होतो. माझं भाषण कुणाला नको होतं. लोक मला ओरडून सांगायचे, बस आता, तिला गाऊ दे. मी विसरलेलो नाही."

"पुसणी नव्हती गाण्यात."

अध्यक्षांनी कागदाची घडी बोटानं सपाट केली. ते त्याच खाणीत वाढले होते. पुसणी म्हणजे काय ते त्यांना कुणी सांगावं लागलं नाही.

"नव्हती," ते हलक्या आवाजात म्हणाले. "समजा उद्या तुम्ही तसं सांगितलंत. अधिकारी लिहून घेईल. मग पुढचा प्रश्न. काढली कुणी? गायलं कुणी? आणि मग, वेग कुणी वाढवला, यंत्रावर कोण बसलं होतं? मी नव्हतो. मुकादम म्हणेल, मी काही बोललोच नाही." त्यांनी मुलाकडे पाहिलं नाही. पाहायची गरज नव्हती. "मी धमकी देत नाही, बाई. तुम्हाला मी धमकी देईन? दुसरं कुणी असतं तर बोलावून घेतलं असतं. तुमच्याकडे मी चालत आलो."

उठताना ते सुनेला म्हणाले, "तुझ्या कायमच्या जागेचा कागद टेबलावर आहे. हा गोंधळ निस्तरला की पहिली सही त्याच्यावर."

ते गेल्यावर टंकलिखित कागद खाटेवर राहिला. त्यात लिहिलं होतं की सदर गाणं पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेलं असून त्याच्या ठेक्यात कोणताही बदल नाही, आणि संबंधित कामगार स्त्रीनं ठेका सोडून हात पुढे केला.

"सही कर," नवरा म्हणाला. "काय बघतेस? त्यानं बोटं परत येणार आहेत का?"

"तुम्हाला तिचं तोंड बघवेल?"

"मला पोराचं बघवत नाहीये." त्यानं आपले दोन्ही हात पुढे केले. "हे बघ. यांनी ढोल सोड, पेला धरवत नाही. उद्या हा आत गेला, हिचं काम गेलं, तर तू गाणार आणि कोण ऐकणार?"

सून चुलीपाशी उभी होती. "मी खोटं बोलत नाही, आई. मला कायम व्हायचंय. सहा वर्षं वाट बघतेय," ती म्हणाली. मग थोड्या वेळानं म्हणाली, "पण काकींची पट्टी मीच बदलते. रोज त्या मलाच सॉरी म्हणतात."

मुलानं कागद उचलून वाचला आणि होता तसा परत ठेवला. "आत टाकतील का गं मला?" त्यानं विचारलं. तो एकतीस वर्षांचा होता, आणि हा प्रश्न त्यानं वडिलांना न विचारता आईला विचारला.

"माहीत नाही," ती म्हणाली. ते खरं होतं.

दुसऱ्या दिवशी अकरा वाजता कचेरीच्या पत्र्याखाली सगळे जमले. अधिकारी घामानं डबडबलेला, पन्नाशीचा, सर्दी झालेला माणूस होता. दर वाक्याला तो रुमाल काढायचा. टेबलाच्या एका बाजूला मुकादम उभा होता. मुलगा दाराच्या चौकटीत होता, धड आत नाही, धड बाहेर नाही. अध्यक्ष आले नव्हते. गाणारीसाठी खुर्ची मांडली होती. जाऊसाठी नव्हती. सून म्हणाली, "काकींना बसू द्या," तेव्हा दगड वाहायची एक पाटी पालथी करून सरकवली गेली. गाणारी खुर्चीवर बसली नाही. ती पाटीशेजारी उभी राहिली. टंकलिखित कागद तिच्या हातात होता, अजून सहीविनाच.

अधिकाऱ्यानं आधी जाऊला विचारलं. "काय झालं, थोडक्यात सांगा."

"छिन्नी उपसली, हात घातला, घण पडला," जाऊ म्हणाली. "याहून थोडक्यात नाही येत, साहेब."

दोघीतिघी हसल्या. अधिकारीही हसला, शिंकला. "हात का घातलात? घण सुरू असताना?"

जाऊनं पट्टी बांधलेला हात मांडीवर घेतला. "मला वाटलं पुसणी आली."

"काय आली?"

"पुसणी."

"म्हणजे?"

"काही नाही, साहेब," मुकादम म्हणाला. "या बायकांचं आपलं काहीतरी असतं. जुनी बोली. त्यांचं त्यांनाच कळत नाही."

जाऊ खाली बघत म्हणाली, "माझंच चुकलं असेल. ऊन होतं."

अधिकाऱ्याची लेखणी खाली गेली. 'चुकलं' हा शब्द तो लिहीत होता, तो गाणारीला उलटा दिसला. बाहेर कातळावर घण बंद होते, कर्णाही बंद होता. मुलगा तिच्याकडे बघत होता. लहानपणी डॉक्टरनं सुई बाहेर काढली की तो असाच बघायचा, सुईकडे नाही, तिच्याकडे. कागदाच्या कडा घामानं ओल्या झाल्या होत्या. नवरा सगळ्यांच्या मागे, भिंतीशी होता. त्याचा खोकला तिला ओळखू आला. तो खोकला म्हणजे, गप्प राहा.

"तुम्ही गायिका ना?" अधिकारी म्हणाला. "तुमचं निवेदन आहे म्हणे. आणा इकडे."

तिनं कागद टेबलावर ठेवला. अधिकाऱ्यानं खाली पाहिलं. "सही राहिलीय."

"नाही राहिली," ती म्हणाली. "त्यातलं काही खरं नाही."

"आई," मुलगा म्हणाला, अगदी हळू.

तिनं त्याच्याकडे पाहिलं. मग जाऊकडे पाहिलं. जाऊनं मान वर केली होती, आणि तिच्या तोंडावर राग नव्हता, नुसती उत्सुकता होती. स्वतःचं डोकं ठिकाणावर आहे की नाही ते कुणीतरी शेवटी सांगणार, अशी.

"हिचं चुकलं नाही. ते खोडा आधी," गाणारी म्हणाली. तिचा आवाज मंचावरचा नव्हता. तो खाणीत उंचावर बसून लावायची, तसा सपाट आणि मोठा होता. बाहेरच्या बायकांपर्यंत तो गेला असावा, कारण बाहेरचं कुजबुजणं थांबलं. "गाण्यात हात घालायची जागा होती. ती काढली तेव्हा मी तिथं बसले होते, आणि मी हो म्हटलं. यंत्र माझा मुलगा चालवत होता. वेग या मुकादमानं वाढवायला लावला. दोन दिवस आधी मला कळलं होतं आणि मी गप्प घरी गेले. सगळ्यांची नावं लिहा, साहेब. पहिलं माझं लिहा."